तक्रारींची चाळण

विक्रोळीहून अंधेरीकडे निघालं की पवईचा तलाव लागतो आणि त्याच्या अलीकडे आयआयटीची दाट झाडी. त्या झाडीआड काय चालतं याची आपणा उपनगरवासीयांना फारशी कल्पना नसते. तिथल्या संगणकशास्त्र विभागात प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ उभं केलं होतं. २०११ आणि २०१२ साली तिथे कार्यशाळा झाल्या. एका अवाढव्य प्रोग्रॅमचं पोट उघडून त्यात काय काय चालतं, हे तिथे शिकवलं गेलं.

हा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. कंपायलर हा एक दुभाषा. माणूस ‘सी’सारख्या भाषेत सूचना लिहितो, कंपायलर त्या यंत्राच्या भाषेत उतरवतो. जीसीसीची पहिली आवृत्ती १९८७ साली अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी बाहेर काढली. तो कुणालाही फुकट घेता येतो, उघडून पाहता येतो, दुरुस्तही करता येतो. पण वकिलाचं म्हणणं बरोबर असूनही दुभाष्यानेच चुकीचं सांगितलं तर न्यायाधीशाने काय करावं? कंपायलरमधली चूक अशी असते. प्रोग्रॅम लिहिणारा निर्दोष, तरी उत्तर चुकीचं.

माझी भाची मुलुंडला राहते. दिवसा नोकरी, आणि रात्री जेवणं आटोपली की ती तास-दीड तास या जीसीसीच्या तक्रारी निवडते. पैसे? एक छदाम नाही. मी चकित झालेला पाहून म्हणाली, ‘मामा, तुमच्या बँकेत आवक-जावकला बसणारे असायचे ना, तसंच हे.’

मग तिने मला ती वहीच दाखवली. जगभरातून आलेल्या तक्रारींचे क्रमांक एक लाखाच्या पुढे गेलेले. नवी तक्रार आली की आधी ‘अपुष्ट’. मग प्रश्न सुरू. कंपायलरची आवृत्ती कोणती, यंत्र कोणतं, आज्ञा नेमकी काय दिली, प्रोग्रॅम पूर्ण जोडलाय का? निवडणाऱ्याने स्वतः करून पाहायचं. तसंच घडलं तर तक्रार खरी. पूर्वी कुणी नोंदवली असेल तर जुनीला जोडायची. काल चालत होतं आणि नव्या आवृत्तीत बिघडलं, अशा तक्रारीला मान मोठा. त्यातली गंभीर असेल तर नवी आवृत्तीच अडवून धरतात.

दोषांच्याही जाती असतात. कंपायलर मध्येच कोसळतो, ही त्यातल्या त्यात बरी जात, निदान आरडाओरडा तरी होतो. कंपायलर निमूटपणे काम पुरं करतो आणि चुकीचं यंत्रभाषांतर हाती ठेवतो, ही सर्वांत वाईट. व्याजाच्या हिशेबात असं झालं तर बोंब कुणी मारायची?

आमच्या काळी लेजर हाताने लिहिली जात. संध्याकाळी ताळा जुळला नाही की शेकडो व्हाउचरांतून ते एक शोधायचं. इथेही तेच. हजार ओळींची तक्रार दहा ओळींवर आणायची. एकेक ओळ काढून पाहायची, दोष टिकला तर ती ओळ निरुपयोगी. हे काम आपोआप करणारं ‘सी-रिड्यूस’ हे साधन युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली पुढे आणलं.

पण सगळ्यात अवघड तक्रार ती, जी खरी असते आणि तरीही ‘अवैध’ ठरते. २००७ सालचं एक प्रकरण भाचीने समजावलं. एकाने सुरक्षेसाठी तपासणी लिहिली होती : एखाद्या संख्येत शंभर मिळवले तर उत्तर मोठंच येतंय ना? यंत्रात आकड्याला मर्यादा असते. ती ओलांडली की उत्तर उलटं होऊ शकतं, ते पकडायला ही तपासणी. कंपायलरने ती ओळच गाळून टाकली! कारण सी भाषेच्या नियमांनुसार चिन्हांकित संख्येने मर्यादा ओलांडली तर काय व्हावं, हे ठरलेलंच नाही. तसं घडणारच नाही असं गृहीत धरायची कंपायलरला मुभा आहे. तक्रारदार संतापला, आमचे प्रोग्रॅम धोक्यात आले म्हणाला. निवडणारे म्हणाले, नियम पाहा. तक्रार बंद झाली. ‘एफ-रॅप-व्ही’ नावाचा पर्याय दिला की आकडा ठराविक रीतीने फिरतो, एवढी पळवाट शिल्लक.

चूक कुणाची? मला दोन्ही बाजू पटतात. काउंटरच्या आत बसून मी कित्येकांना ‘नियमात बसत नाही’ असं सांगितलं आहे, आणि ते सांगणं खोटं नव्हतं. दुभाष्याने नियमपुस्तक सोडलं तर प्रत्येकाला वेगळं भाषांतर मिळेल. पण नियम न समजल्याने ज्याचं नुकसान होतं, त्याला नुसता शिक्का मारून परत पाठवणं म्हणजे अर्धंच काम.

भाची ‘अवैध’ लिहिते तेव्हा खाली दोन ओळी जास्त लिहिते : नियम कोणता आणि त्यातून वाट कोणती. ‘एवढा वेळ का घालवतेस?’ विचारलं तर म्हणाली, ‘नाहीतर मामा, तो माणूस पुढच्या वेळी खरा दोष सापडला तरी कळवणार नाही.’