पोटातली आग नुसती विझवू नका

‘मला ना, अ‍ॅसिडिटीचा भारी त्रास आहे!’ चार बायका जमल्या की हे वाक्य ऐकू येतंच. आमच्या बचत गटात तर लवंग-वेलची द्यावी तशी पर्समधली गोळी एकमेकींना दिली जाते. उपास, सगळ्यांचं आटोपल्यावर दुपारी तीनला जेवण, वर चहा... कारणंही आपल्याला पाठ असतात. पण मैत्रिणींनो, दर वेळी ही नुसती अ‍ॅसिडिटीच असते असं नाही. जठराच्या अस्तराला सूजही आलेली असू शकते. डॉक्टर तिला ‘गॅस्ट्रायटिस’ म्हणतात.

ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरातला ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला. सूज आणि अल्सरचं मूळ हाच जंतू, हे कुणाला पटेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्यायले! काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. सुजेचं दुसरं मोठं कारण आपल्याच औषधाच्या डब्यात असतं. गुडघे, कंबर दुखली की मनानंच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या!

या सुजेवर आता नॅनोकणांचं संशोधन चाललंय. मी कला शाखेची, पण वाचून थक्क झाले. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. सुजलेल्या जागी रक्तवाहिन्या झिरपू लागतात, बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशीही तिथे गोळा होतात. त्यामुळे हे सूक्ष्म कण तिथे साठू शकतात. ते लोहाच्या ऑक्साइडचे असले, तर एमआरआयमध्ये ती जागा उठून दिसते. त्यांच्यावर औषध चढवलं, तर ते नेमकं तिथेच पोचावं, असा प्रयत्न आहे. म्हणजे शोधणारा आणि बरा करणारा एकच! मात्र जठरातल्या आम्लात टिकायचं आणि तिथला चिकट थर ओलांडायचा, हे सोपं नाही. म्हणून हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच चालू आहे.

तोवर आपण थांबायचं कारण नाही. जंतू आहे का, हे आज श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीतून कळतं, गरज पडली तर दुर्बिणीतून. उपचार साधारण दोन आठवड्यांचा असतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. कारण हा जंतू वर्षानुवर्षं राहिला, तर काहींना अल्सर, क्वचित कॅन्सरही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ मध्येच त्याला कॅन्सरकारक ठरवलंय.

काळी शौच, रक्ताची उलटी झाली तर लगेच दवाखाना गाठा. वजन घटणं, गिळताना अडकणं, न हटणारा अशक्तपणा हेही अंगावर काढू नका. मुलाचं पोट दुखलं, की रात्री उठून ओवा शोधणाऱ्या आपण! स्वतःच्या पोटासाठी एक सकाळ काढायला काय हरकत आहे?