भौतिकशास्त्र अध्यापक समिती आणि मावळातील प्रयोगशिक्षण

प्रस्तुत लेखात अध्यापक समितीच्या कार्याचे महत्त्व विशद केले आहे. डॉ. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स ही संघटना स्थापन झाली. १९९८ पासून भारत आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये सहभागी होत असून त्यासाठीच्या निवडीचा पहिला टप्पा संघटनेच्या परीक्षेने पार पडतो. पुढील टप्पे मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेते. परीक्षाकेंद्र सांभाळणारे अध्यापक हे कार्य नित्याचे अध्यापन सांभाळून करतात. केंद्र दूर असल्यास पवन मावळातील विद्यार्थी पहिल्याच टप्प्यापासून वंचित राहतो.

तथापि समितीचे कार्य परीक्षेपुरते सीमित नसावे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी सुमारे ९८ अंश सेल्सियसला उकळते. एकाच तापमापीने घाटाखालील खोपोली व लोणावळा येथे मोजमाप केल्यास उपकरणाची स्थिर त्रुटी वजाबाकीत नाहीशी होते व सुमारे दोन अंशांचा फरक दिसतो. असे अल्पखर्चिक प्रयोग वर्गापर्यंत पोहोचविणे, हीच समितीच्या कार्याची खरी कसोटी होय.