रिकाम्या ड्रमचा रकाना

फ्लेमप्रूफ मोटरच्या पाटीवरची अक्षरं आज या सदरात वाचायची होती. ती आता पुढच्या आठवड्यात. झोनच्या नकाशावरचा लेख वाचून दिघ्याच्या एका वाचकांनी जो प्रश्न पाठवला आहे, तो आधी घ्यायला हवा. त्यांच्या छोट्या युनिटमध्ये टोल्यूइन येतं ते दोनशे लिटरच्या ड्रमांतून, महिन्याला मोजकेच. टाकी नाही, मोठा साठा नाही. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांतल्या मर्यादा टनांत मोजायच्या, त्यांच्या जवळपासही हे युनिट जात नाही. त्यामुळे सेफ्टी रिपोर्ट वगैरे काही मागितलं जात नाही. मग स्फोटाच्या जोखमीचा कागद लिहायचा तरी कशावर, असं ते विचारतात. दिघा, रबाळे, महापे, पावणे या सगळ्या औद्योगिक पट्ट्यातल्या कितीतरी शेडना हा प्रश्न लागू आहे. माझं उत्तर असं की, कागद शेडच्या मागे उभ्या असलेल्या रिकाम्या ड्रमपासून लिहायला घ्या.

आधी हिशेब करून पाहू. हवेत टोल्यूइनची वाफ साधारण १.२ टक्क्यांवर गेली की मिश्रण पेट घेऊ शकतं. ७ टक्क्यांच्या वर गेली की हवा कमी पडते आणि ते पेटत नाही. दोनशे लिटरच्या १.२ टक्के म्हणजे २.४ लिटर वाफ, आणि तेवढी वाफ व्हायला सुमारे दहा ग्रॅम द्रव पुरतो. म्हणजे जेमतेम दोन चहाचे चमचे. पंपाची नळी काढल्यावर ड्रमच्या तळाच्या खाचेत याहून कितीतरी जास्त उरतं. आता वरची मर्यादा पाहा. भरपूर टोल्यूइन असलेल्या बंद ड्रमात २० अंशांना वाफ सुमारे ३ टक्क्यांवर थांबते आणि ३५ अंशांना सुमारे ६ टक्क्यांवर. दिघ्यात जानेवारीची पहाट असो की मे महिन्याची दुपार, ड्रमातली हवा बहुतेक वेळ स्फोटाच्या पट्ट्यातच राहते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ सहसा इतकी दाट असते की आत ती पेटत नाही. टोल्यूइनला तेवढीही सवलत नाही. काठोकाठ भरलेल्या ड्रममध्ये हवेला जागा नसते, म्हणून या एका बाबतीत भरलेल्यापेक्षा उपसलेला ड्रम वाईट. बूच उघडं ठेवून भागत नाही, कारण वाफ हवेपेक्षा जड आहे आणि दोन इंचाच्या भोकातून ती लवकर निघत नाही. पाण्याने खंगाळूनही भागत नाही, कारण टोल्यूइन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

हा ड्रम कुठल्याच कागदावर कसा सापडत नाही, हे बघण्यासारखं आहे. झोनचा नकाशा, म्हणजे पेटू शकणारी वाफ कुठे असू शकते ते दाखवणारा, बहुतेक वेळा इलेक्ट्रिकल कंत्राटदार काढतो, तोही मोटर आणि दिवे निवडण्यापुरता. त्यातली वर्तुळं रिॲक्टर आणि पंपाभोवती असतात. कुंपणालगतची ड्रमची रांग वर्तुळाबाहेर पडते. प्रदूषणाच्या नोंदीत ड्रम येतो खरा, २०१६ च्या घातक कचरा नियमांत दूषित पिंपांची स्वतंत्र नोंद आहे. पण ती नोंद माती-पाण्याची काळजी करते, ठिणगीची नाही. बॉयलरला १९२३ पासून कायदा आहे, नंबर आहे, तपासणीचा दाखला आहे. ड्रमला यातलं काही नाही. मग फॅब्रिकेशनचा माणूस येतो, उंची बरोबर जमते म्हणून त्याच ड्रमवर अँगल ठेवतो आणि वेल्डिंगचा टॅक मारतो. किंवा कुणीतरी पाणी साठवायला ड्रमचं तोंड गॅस कटरने कापायला घेतो.

म्हणून माझा आग्रह असा की, स्फोटाचा कागद यंत्रांच्या मागे न जाता मालाच्या मागे जावा, फाटकापासून फाटकापर्यंत. ड्रम कुठे उतरतो, कुठे उघडतो, अर्थिंगची क्लिप कोण लावतो, उपसल्यावर बूच कोण आवळतो, ड्रम कुठे आणि किती दिवस उभा राहतो, वेल्डिंग-ग्रायंडिंग त्याच्यापासून किती लांब ठेवायचं, शेवटी तो कुणाच्या हाती जातो : एका ओळीत एवढे रकाने. युरोपने १९९९ च्या निर्देशात स्फोट-संरक्षणाचा दस्तऐवज सक्तीचा केला, तोही काम सुरू होण्याआधी आणि बदल झाला की सुधारून. त्या दस्तऐवजाचा गाभा एवढाच आहे, आणि चार पानांत तो मावतो.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा. लहान युनिटला हे लागूच नाही, असं म्हणतात. पण २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३७ पाहा. ज्या भांड्यात ज्वलनशील पदार्थ आहे किंवा पूर्वी होता, त्यावर तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय उष्णतेने जोडकाम-कापकाम करू नये, असं ते सांगत होतं. तिथे टनांची अट नव्हती. दुसरा आक्षेप असा की, मोठे अपघात रिॲक्टरमध्ये होतात. ड्रमवर वेळ कशाला घालवायचा? डोंबिवलीत २६ मे २०१६ ला प्रोबेस आणि २३ मे २०२४ ला अमुदान, महाडमध्ये ३ नोव्हेंबर २०२३ ला ब्लू जेट या कंपन्यांत स्फोट झाले. ही नावं आपल्याला पाठ आहेत, कारण तिथे माणसं मोठ्या संख्येने गेली. ड्रम फुटतो तेव्हा एखाद-दुसरा कामगार जातो, बातमी दोन ओळींची होते, समिती नेमली जात नाही. ज्या अपघाताची चौकशी कुणी करणार नाही, त्याची चौकशी आधीच करून ठेवणं, हेच तर या कागदाचं काम.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे : कागदाने स्फोट थांबत नाही, आणि कंत्राटी कामगार तो वाचतही नाही. खरं आहे. फाइलमध्ये लावलेल्या कागदाने काहीच थांबत नाही. पण 'बूच कोण आवळतो' या रकान्यात नाव लिहायची वेळ आली आणि नाव सापडलं नाही, तर ते काम आजवर कुणाचंच नव्हतं हे तिथल्या तिथे कळतं. वाचण्याचा प्रश्न तर सोपा आहे. ती ओळ शिफ्टच्या सुरुवातीला मोठ्याने सांगा, मराठीत आणि हिंदीतही, आणि बाहेरून आलेल्या वेल्डरला वर्क परमिटवर सही करण्याआधी तो ड्रम हाताने दाखवा. कापायचा नाही, वर काही ठेवायचं नाही, बूच घट्ट लावून परवानाधारक सफाई केंद्राकडेच पाठवायचा. दिघ्याच्या वाचकांनी एवढी एक ओळ या आठवड्यात भरून पाहावी. कागद कशावर लिहायचा, याचं उत्तर दुसऱ्या ओळीपासून त्यांचं त्यांनाच मिळत जाईल.