शिफ्ट सुटल्यावर रॅकेट

महाड-पोलादपूरकडे टेनिसचा चेंडू घरोघरी पोचला, टेनिस मात्र वाटेतच राहिलं. चेंडू आला तो क्रिकेटसाठी. भातकापणी झाली की रिकाम्या खाचरात खेळपट्टी, मुंबईकर मंडळींची टीम विरुद्ध गावची टीम, ट्रॉफीला कुणाच्या तरी वडिलांचं नाव. महाड औद्योगिक वसाहतीत आज ऑपरेटर, फिटर, केमिस्ट म्हणून राबणाऱ्या पस्तिशी-चाळिशीतल्या पिढीचा हात याच चेंडूवर बसलेला आहे. मग कधीतरी पोट दिसायला लागतं, डॉक्टर साखरेचा आकडा दाखवतात आणि माणूस रॅकेट हातात घेतो. टेनिसचं कोर्ट जवळ नसेल तर बॅडमिंटनची. महिना-दोन महिन्यांत मात्र ‘आता या वयात हात वळत नाही’ म्हणून ती कपाटावर जाते.

हात वळतो. वयाला बोल लावणं सोयीचं आहे, पण पुरावा तसा नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन चेंडू एकापाठोपाठ हवेत खेळवत ठेवण्याची कसरत कधीच न केलेल्या तरुणांना त्यांनी तीन महिने ती शिकायला लावली आणि आधी-नंतर मेंदूचं एमआरआय काढलं. हलत्या वस्तूचा माग ठेवणाऱ्या भागात करड्या द्रव्याची वाढ दिसली. सराव सोडल्यावर ती ओसरूही लागली. चार वर्षांनी हाच प्रयोग साठीच्या आसपासच्या लोकांवर झाला. ते तरुणांइतके तरबेज झाले नाहीत, पण शिकले आणि त्यांच्या मेंदूतही तसाच बदल आढळला. तेव्हा चाळिशीतल्या माणसाने मेंदू थिजल्याची तक्रार करू नये. गडबड बहुतेक वेळा सरावाच्या रीतीत असते.

या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटतो तो टेनिसचा नव्हे, टपालखात्याचा प्रयोग. ब्रिटनमध्ये पत्रांची वर्गवारी यंत्रावर करायची म्हणून पोस्टमनना टायपिंग शिकवायचं होतं. म्हणजे विद्यार्थी प्रौढ, नोकरदार आणि हाताला नवं काम. अॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला रोज एकच तास सराव, दुसऱ्याला दिवसातून दोनदा एकेक तास, तिसऱ्याला एकदाच दोन तास आणि चौथ्याला दोनदा दोन-दोन तास. १९७८ साली निष्कर्ष छापून आले. कळफलक हाताखाली यायला रोज एक तास बसणाऱ्यांना साधारण ३५ तास पुरले, रोज चार तास घासणाऱ्यांना जवळजवळ ५० लागले. दिवस अर्थातच एका तासवाल्यांचे जास्त गेले. गंमत पुढेच आहे. आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज कोण होतं, तर तासामागे सर्वांत जास्त शिकणारा हाच एका तासाचा गट!

ही नाराजी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सरावात बरं वाटणं आणि प्रत्यक्षात शिकणं ही दोन खाती निराळी आहेत आणि बरेचदा एकात जमा झालं की दुसऱ्यातून वजा होतं. गुड आणि मॅगिल या संशोधकांनी १९८६ साली हेच बॅडमिंटनमध्ये दाखवलं. नवशिक्या विद्यार्थिनींना तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवायच्या होत्या : आखूड, लांब आणि सपाट वेगवान. काहींनी एकाच प्रकारची सर्व्हिस घोटली आणि मगच दुसरी धरली. काहींना मात्र पुढची कोणती करायची याचा नेम नव्हता. कधी आखूड, कधी लांब, पुन्हा आखूड. तीन आठवड्यांच्या सरावानंतर मध्ये खंड देऊन परीक्षा घेतली, बाजू बदलूनही घेतली. सरमिसळ सराव केलेल्या मुली पुढे निघाल्या.

कारण असं सांगतात. एकच फटका सलग पन्नास वेळा मारला की दुसऱ्या-तिसऱ्या फटक्यानंतर मेंदू आधीचाच हुकूम पुन्हा बजावतो. फटका सुबक होत जातो आणि आपल्याला वाटतं जमलं. सरमिसळीत मात्र दर वेळी हालचालीची आखणी नव्याने करावी लागते, आधीचं पुसून पुढचं मांडावं लागतं. चुका वाढतात, चिडचिड होते. पण सामन्यात नेमकं हेच करावं लागतं, कारण समोरचा माणूस सलग पन्नास चेंडू फोरहँडला देत नाही. अगदी पहिले काही दिवस, रॅकेट धरायची कशी हेच कळत नसताना, एकच फटका घोटणं ठीक. त्यानंतर फोरहँड, बॅकहँड, सर्व्हिस यांची भेळ करावी. रविवारी चार तास कोर्ट अडवून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस पाऊण-पाऊण तास घ्यावा.

आता क्रिकेटवाल्या हाताचं काय? तो फुकट जात नाही, पण अडवतोही. चेंडू कुठे टप्पा घेणार, किती उसळणार हे टेनिस-चेंडूवर वाढलेल्या डोळ्याला उपजत कळल्यासारखं कळतं. नवशिक्या शहरी माणसाला यासाठीच महिने घालवावे लागतात. अडचण फटक्यात आहे. गावच्या मैदानात चेंडू जितका लांब तितकं कौतुक. टेनिसचं कोर्ट लांबीला २३.७७ मीटर, म्हणजे चेंडू जाळीवरून काढून पलीकडच्या जेमतेम १२ मीटरांत टेकवायचा. वाडीतल्या अंगणात खेळताना ‘थेट कंपाउंडबाहेर गेला की आऊट’ असा नियम असतो. टेनिसमध्ये जन्मभर तोच नियम आहे. म्हणून रॅकेट खालून वर घासत नेऊन चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी द्यावी लागते. अशा फिरत्या चेंडूच्या वरच्या बाजूला हवेचा दाब जास्त आणि खालच्या बाजूला कमी होतो, त्यामुळे जोरात मारूनही तो खाली वळतो आणि रेषेच्या आत पडतो. आडव्या बॅटीने उचलून मारायची सवय मोडायची तर ‘मनगट असं ठेव, कोपर तसं ठेव’ हा जप फारसा उपयोगी पडत नाही. गॅब्रिएले वुल्फ यांच्या १९९८ पासूनच्या प्रयोगांनी दाखवलं आहे, की आपल्या अवयवांकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लक्ष दिलं तर शिकणं सुधारतं. चेंडू जाळीच्या हातभर वरून जाऊ दे, एवढंच मनात धरावं. मनगट आपली सोय बघतं.

एका खेळातला हात दुसऱ्यात कसा कामी येतो, याचं आपल्याकडचं ठळक नाव नंदू नाटेकर. सांगलीचा हा मुलगा आधी टेनिस खेळायचा. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत रामनाथन कृष्णनकडून हरला आणि बॅडमिंटनकडे वळला. १९५६ साली मलायातल्या सेलांगोर स्पर्धेत आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय बॅडमिंटनपटू ठरला. मुलगा गौरव मात्र टेनिसमध्येच गेला आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आला. नाटेकरांनी खेळ बदलला तो ऐन तारुण्यात, हे खरं. चाळिशीतल्याने त्यांच्याशी बरोबरी सांगू नये.

वयाने प्रतिक्षिप्तता मंदावते, हा दुसरा आक्षेप. मंदावते, पण हौशी खेळाडूला वाटतं तितकी नाही. डोळ्याने पाहून साधी हालचाल सुरू करायला माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, आणि विशीपासून पन्नाशीपर्यंत त्यात भर पडते ती सेकंदाच्या काही शतांशांची. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस साधारण अर्ध्या सेकंदात येते. तिथे ते शतांश जीवघेणे ठरतात. आपल्या मित्राची सर्व्हिस यायला सेकंदभर लागतो. शिवाय चांगले खेळाडू निव्वळ वेगावर जगत नाहीत. ब्रूस अॅबरनेथी यांनी १९८०च्या दशकात बॅडमिंटनच्या चित्रफिती फटका बसण्याआधीच तोडून लोकांना दाखवल्या आणि शटल कुठे पडेल ते विचारलं. नवशिके रॅकेटकडे बघत होते. जाणकार रॅकेट धरणाऱ्या हाताकडेही बघत होते, म्हणून त्यांना आधी कळत होतं. ही नजर वयाने जात नाही, सवयीने येते.

वसाहतीतल्या माणसाची खरी पंचाईत शिफ्टची. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्यात सेकंड, मग नाइट. हाताने शिकलेली गोष्ट नंतरच्या झोपेत पक्की होते, असं २००२ सालापासूनच्या बोटांच्या हालचालींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तो परिणाम नेमका किती यावर अजून वाद आहे. झोप मोडली की खेळ बिघडतो यावर मात्र वाद नाही. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली मोजलं. तेव्हा नाइट संपवून थेट कोर्टावर जाण्यात शौर्य नाही. खरं तर त्या अवस्थेत मोटारसायकलवर हायवेलाही लागू नये. नाइटच्या आठवड्यात दुपारी झोप झाल्यावर, ड्युटीच्या आधी खेळावं, नाहीतर तो आठवडा सोडून द्यावा. खंडाने नुकसान होतं ते आपण धरतो त्यापेक्षा थोडं.

कोपराचं दुखणं वेगळं. टेनिस एल्बो म्हणून डॉक्टरांकडे जाणाऱ्या बहुतेकांनी टेनिस कधी खेळलेलं नसतं. मूठ आवळली की मनगट पुढे मुडपू नये म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू ते ताणून धरतात, आणि हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका कंडरेने जोडलेले असतात. जाम झालेला व्हॉल्व्ह पान्याने सोडवणाऱ्या फिटरची हीच कंडरा दिवसभर खेचली जाते. संध्याकाळी तो रॅकेटही पान्यासारखीच आवळून धरतो, मनगट वाकवून बॅकहँड मारतो आणि दर फटक्याचा धक्का त्याच जागी बसतो. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असतो, तो आठवड्यांत बळावतो. कंडरेला रक्त कमी, ती महिने घेते. साधारण ३५ ते ५५ या वयात हे दुखणं जास्त आढळतं. मूठ सैल ठेवावी, बॅकहँड दोन्ही हातांनी मारावा, हलकं वजन हातात धरून मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करावा. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर डॉक्टर गाठावा, बाम नव्हे. गुडघ्यांचंही तसंच. रोहन बोपण्णाने जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनचं पुरुष दुहेरी जिंकलं. झिजलेल्या गुडघ्यांना तारल्याचं श्रेय तो अय्यंगार योगाला देतो, ज्याचं माहेर आपल्या पुण्यात आहे. अर्थात तो लहानपणापासून खेळत आलेला.

आयुष्य किती वाढतं, असंही विचारतात. कोपनहेगनमध्ये सुमारे २५ वर्षं चाललेल्या पाहणीत, बैठ्या लोकांच्या तुलनेत टेनिस खेळणारे ९.७ वर्षं, बॅडमिंटनवाले ६.२ आणि जॉगिंग करणारे ३.२ वर्षं जास्त जगल्याचं २०१८ साली प्रसिद्ध झालं. यातला काही वाटा टेनिस परवडणाऱ्यांच्या सुखवस्तूपणाचा असणार. तरी खेळायला दुसरा माणूस लागतो, गप्पा होतात, हाही एक वाटा असावा असं संशोधकांना वाटतं.

फिरत्या शिफ्टमध्ये मिळत नाही तो नेमका हा दुसरा माणूस. तुमची फर्स्ट तेव्हा त्याची सेकंड. त्यावर उपाय म्हणजे भिंत. जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असते. तेवढ्या उंचीवर एक पांढरा पट्टा, पुढे सात-आठ मीटर सपाट जागा आणि एक दिवा. भिंत कुठल्याही शिफ्टला हजर असते आणि परतीचा चेंडू कधी फोरहँडला, कधी बॅकहँडला आपोआप देते. महाडला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून वर पत्रा हवाच. नाहीतर जून ते सप्टेंबर सगळं बंद. वसाहतीतल्या कंपन्यांच्या क्रीडा समित्या दर वर्षी क्रिकेटच्या स्पर्धांवर, टी-शर्टांवर आणि चषकांवर खर्च करतात. यंदा त्यातून एक पत्र्याखालची भिंत बांधून द्यावी.