उसन्या कॅमेऱ्यावरचा सिनेमा

1974 चा नोव्हेंबर लागत होता. बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांचं आंदोलन ऐन भरात होतं आणि 4 नोव्हेंबरला पाटण्यात मोठा मोर्चा निघायचा होता. पोलीस लाठ्या चालवतील याची धास्ती सगळ्यांनाच होती. तसं झालं तर पुरावा हवा, म्हणून फोटो काढायचं काम आंदोलनात सामील झालेल्या एका चोवीस वर्षांच्या मुंबईकर तरुणाकडे आलं. त्याचं नाव आनंद पटवर्धन. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता. तो दिल्लीला गेला, ओळखीपाळखीत विचारत फिरला आणि परत आला तो सुपर-8 जातीचा चित्रपट कॅमेरा उसना घेऊन. सोबत राजीव जैन हा मित्रही आला. दोघांनी मिळून मोर्चा टिपला. त्या दिवशी खरोखरच लाठीमार झाला आणि खुद्द जेपींवरही लाठ्या पडल्या.

‘क्रांती की तरंगें’ या माहितीपटाची सुरुवात ही अशी झाली. पाठीशी निर्माता नव्हता, स्टुडिओ नव्हता, कुणाची मंजुरीही नव्हती. भारतातल्या स्वतंत्र माहितीपटाचा इतिहास बराचसा याच रीतीने घडला आहे, म्हणून या एका फिल्मची हकिगत थोडी सावकाश सांगायला हवी.

सुपर-8 हा घरगुती हौसेचा कॅमेरा. वाढदिवस, सहली, मुलांची पहिली पावलं टिपायला लोक तो घेत. त्याची फिल्म जेमतेम 8 मिलिमीटर रुंद आणि एक कॅसेट तीनेक मिनिटांत संपायची. मोठ्या पडद्यावर दाखवण्याइतका दर्जा त्यात नसे. मग या तरुणांनी युक्ती केली. सुपर-8 वरची दृश्यं छोट्या पडद्यावर पाडायची आणि तो पडदाच 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा चित्रित करायचा. त्यात दाणेदारपणा वाढला, कडा पुसट झाल्या, पण चित्र टिकलं. पुढच्या चित्रीकरणासाठी प्रदीप क्रिशन हा आणखी एक मित्र बिहारला आला. हेच क्रिशन पुढे ‘मॅसी साहिब’चे दिग्दर्शक आणि दिल्लीच्या झाडांवरच्या पुस्तकाचे लेखक म्हणून ओळखले गेले. या खेपेला हाताशी होता जुना बेल अँड हॉवेल कॅमेरा. घड्याळाला देतात तशी त्याला चावी द्यावी लागे, आणि एका चावीत तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास चालायचा. म्हणजे कुणी मनापासून बोलायला लागला की वाक्य अर्धं असतानाच कॅमेरा थांबणार. आवाज वेगळा टिपायचा आणि संकलनाच्या टेबलावर दोन्हींची सांगड घालायची.

अशा कामाला एकटा माणूस पुरत नाही. एकाचं लक्ष चावीवर, दुसऱ्याचं आवाजावर, तिसऱ्याचं गर्दीकडे. शिवाय रात्री टेकायला कुणाचं तरी घर लागतं आणि फिल्म धुऊन आणायला कुणीतरी शहरात जावं लागतं.

फिल्म पूर्ण झाली आणि 1975 च्या जूनमध्ये आणीबाणी आली. आता ती दाखवणं दूरच, जवळ बाळगणंही धोक्याचं होतं. प्रतीचे तुकडे करण्यात आले आणि परदेशी जाणाऱ्या वेगवेगळ्या मित्रांच्या सामानातून ते देशाबाहेर गेले. पटवर्धन यांना कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात शिकवण्याचं छोटं काम आणि पुढच्या शिक्षणाची संधी मिळाली होती. तिथे ते तुकडे पुन्हा जोडले गेले, आणि उत्तर अमेरिकेत आणीबाणीविरोधात जनमत तयार करायला ही फिल्म कामाला आली. ज्यांनी आपल्या कपड्यांच्या घड्यांमधून फिल्मचा एकेक तुकडा नेला, त्यांना आपण एरवी निर्माते म्हणत नाही. या फिल्मच्या बाबतीत तरी त्यांना तेच म्हणायला हवं.

मित्रांची मदत म्हटली की दिग्दर्शक एक आणि बाकीचे हातभार लावणारे, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. 1980 मध्ये बंगळुरात स्थापन झालेल्या ‘युगांतर’ने ते चित्रच पालटलं. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेरामन नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा हा गट. स्त्रियांच्या चळवळीतून ओळखी झाल्या होत्या. फिल्म सगळ्यांची मिळून व्हावी आणि ज्यांच्यावर ती आहे त्यांनाही त्यात वाटा असावा, ही त्यांची कामाची पद्धत.

युगांतरच्या पहिल्या दोन फिल्म मराठी बोलतात, ही गोष्ट मराठी वाचकाला सहसा माहीत नसते. पहिली ‘मोलकरीण’, 1981 ची, पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांवरची. 1980 मध्ये या बायकांनी संप केला होता. पुण्याच्या पांढरपेशा घरांत भांडी कोण घासणार हा प्रश्न पहिल्यांदाच घराबाहेर, रस्त्यावर आला आणि त्यातून संघटना उभी राहिली. धुण्याभांड्यांचे दर, खाडे, सणाची सुट्टी, म्हातारपण हे सगळं त्या बायका स्वतः बोलत होत्या. त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी बोलावं अशी ती मांडणी नव्हतीच.

दुसरी फिल्म निपाणीची. ‘तंबाकू चाकीला ऊब आली’, 1982. सीमाभागातलं हे गाव विडीच्या तंबाखूचं, आणि वखारींमध्ये तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या बायका हजारोंनी. धुळीने भरलेल्या, कोंदट जागेत दिवसभर काम आणि हातात पडणारी मजुरी तुटपुंजी. त्या बायका संघटित झाल्या होत्या. युगांतरची मंडळी कॅमेरा घेऊन आली आणि दोन दिवसांत निघून गेली, असं झालं नाही. त्यांनी तिथे चारेक महिने काढले. काय दाखवायचं, वखारीतला कोणता प्रसंग पुन्हा उभा करायचा, कुणी बोलायचं, हे कामगार बायकांबरोबर बसून ठरलं. पंचवीसेक मिनिटांच्या फिल्मसाठी इतके महिने हा हिशेब कुठल्याही निर्मात्याला परवडणार नाही. पण ती फिल्म आज पाहिली की ते महिने कुठे गेले ते कळतं. बायका कॅमेऱ्याकडे पाहून बोलत नाहीत, एकमेकींशी बोलतात. कॅमेरा त्यांच्यातलाच एक झालेला असतो.

16 मिलिमीटरचं 400 फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं, आणि कच्ची फिल्म महाग. त्यामुळे त्या काळी कॅमेरा सुरू करण्याआधी खूप बोलून घ्यावं लागे. निपाणीच्या त्या लांब बैठकांमागे तत्त्व होतं, तशी ही अडचणही होती, आणि अडचणीने फिल्मचं भलंच केलं. आज मोबाइलवर तासन्‌तास चित्रीकरण करता येतं. पैशांचा तो धाक गेला, त्याबरोबर आधी बोलून घेण्याची सवयही पुष्कळदा गेली. साडेतीनशे-चारशे तासांचं चित्रीकरण जमतं आणि मग ते बघणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून आजच्या माहितीपटात सगळ्यात मोलाचा मित्र म्हणजे संकलक. दिग्दर्शकाला एखादं दृश्य प्रिय असतं कारण ते मिळवायला तो चिखलातून पाच मैल चाललेला असतो. संकलकाला तो चिखल दिसत नाही, फक्त दृश्य दिसतं. ‘हे काढ,’ असं म्हणण्याचा अधिकार ज्याला दिला आहे असा एक माणूस प्रत्येक फिल्मला लागतो.

ध्वनीची गोष्ट तशीच. नवखी मंडळी सगळे पैसे कॅमेऱ्यावर घालवतात. हललेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण समोरच्याचं बोलणं कळलं नाही की तो उठून जातो. कानाला हेडफोन लावून नुसता आवाज ऐकत उभा राहणारा मित्र मिळाला तर दुसरा कॅमेरा नसला तरी चालेल.

आणि पैसे? खादाडीच्या बिलासारखे ते मित्रांमध्ये वाटून घेता येत नाहीत. खुशबू रांका आणि विनय शुक्ला यांनी आम आदमी पक्षाच्या जन्मावर ‘अ‍ॅन इन्सिग्निफिकंट मॅन’ केली तेव्हा इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. 20,000 डॉलर हवे होते, त्याच्या कितीतरी पट जमले. लोकवर्गणी आपल्याला नवी नाही. गणपतीपासून शाळेच्या इमारतीपर्यंत गावोगाव ती होत आली आहे, आणि 1976 चा श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ तर गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दिलेल्या दोन-दोन रुपयांवर उभा राहिला. वर्गणी देणारा नंतर विचारतो, ‘झाली का फिल्म?’ हा तगादा निर्मात्याच्या तगाद्यापेक्षा जड असतो, कारण तो आपल्या माणसांचा असतो.

जे मित्र पैसे न घेता काम करतात त्यांच्याशी मात्र सगळं आधीच कागदावर यावं. किती दिवस काम करायचं, श्रेयनामावलीत नाव कशाखाली, पुढे कधी पैसे आले तर वाटा किती, चित्रीकरण कुणाच्या मालकीचं. मैत्रीत लिहून कसलं घ्यायचं, असं वाटतं खरं. फिल्म तीन-चार वर्षं चालते. तेवढ्यात कुणाचं लग्न होतं, कुणी नोकरी धरतो, कुणी गाव सोडतो, आणि पहिल्या उत्साहात काय ठरलं होतं ते प्रत्येकाला वेगळं आठवतं. चार ओळींचा कागद ती मैत्री वाचवतो.

फिल्म झाल्यावर ती दाखवायची कुठे? इथेही आपली माणसंच उपयोगी पडली. 2004 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाच्या वेळी भारतीय फिल्मना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा घाट घातला गेला होता. निर्मात्यांनी विरोध केल्यावर ती मागे घेतली गेली, पण निवडीत अनेक टोकदार फिल्म बाहेर राहिल्या. तेव्हा देशभरच्या माहितीपटकारांनी मिळून प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाने स्वतःचा महोत्सव भरवला. तीच मंडळी तिकडे दिग्दर्शक आणि इकडे खुर्च्या मांडणारी. दूरदर्शनवर दिसण्यासाठी तर पटवर्धन यांना फिल्ममागून फिल्म न्यायालयात जावं लागलं. ‘फादर, सन अँड होली वॉर’चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये त्यांच्या बाजूने दिला, तेव्हा फिल्म होऊन दशक उलटलं होतं. अशा लढ्यात वकीलही फिल्मच्या चमूतलाच माणूस होतो.

एक सहकारी मात्र श्रेयनामावलीत क्वचितच दिसतो. तो म्हणजे कॅमेऱ्यापुढचा माणूस.

पटवर्धन यांची ‘हमारा शहर’ 1985 ची, मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावरची. त्यात एक बाई चित्रीकरण करणाऱ्यांवरच चिडते. आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार, असा तिचा रोख. तो प्रसंग कापून टाकणं सहज शक्य होतं. तो ठेवला गेला. याच फिल्ममध्ये विलास घोगरे गातात. मुलुंडच्या वस्तीत राहणारे हे शाहीर. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली गेली. चार दिवसांनी घोगरे यांनी आपल्या झोपडीत आत्महत्या केली.

तिथून ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू झाली आणि 2011 मध्ये संपली. चौदा वर्षं पटवर्धन वस्त्यांमध्ये जात राहिले, गोळीबाराच्या खटल्याच्या तारखा पाहत राहिले, शाहिरांची गाणी टिपत राहिले. ज्या घरांत पहिल्या वर्षी चहा मिळाला त्याच घरांत नंतरच्या वर्षांत लग्नं आणि मयती झाल्या. तीन तासांहून मोठी ही फिल्म तयार झाली तेव्हा मुंबईतल्या दलित वस्त्यांत, उघड्यावर पडदा बांधून ती दाखवण्यात आली. जी माणसं पडद्यावर होती, त्यांच्यातली कितीतरी समोर जमिनीवर बसली होती.