कळफलक कोणाच्या हातासाठी?

यंत्राला काय काय करता येते हे पाहण्याआधी ते कोण, कुठे आणि कशासाठी वापरणार आहे हे पाहावे, असे संगणकशास्त्रातले एक तत्त्व आहे. आपल्यापैकी अनेकजण याच व्यवसायात असल्याने ते त्यांना नवे नाही. पण त्याचे एक चांगले उदाहरण आपल्या मराठी कळफलकात दडलेले आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

देवनागरी टाइपरायटरवर अक्षर जसे दिसते तसे उमटवावे लागे. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून ती आधी आणि 'क' नंतर. यंत्राची ही मर्यादा माणसाने अनेक महिने सराव करून आपल्या बोटांत मुरवायची.

१९८०च्या दशकात इन्स्क्रिप्ट कळफलक आला आणि विचार उलटा झाला. डाव्या हाताला स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजने. 'क'च्याच कळेवर शिफ्ट दाबली की 'ख', 'त'च्या कळेवर 'थ'. म्हणजे शाळेत पाठ केलेली वर्णमालाच बोटांखाली. उच्चाराप्रमाणे आधी 'क' आणि मग वेलांटी टाइप करायची. ती डावीकडे नेऊन बसवणे हे संगणकाचे काम. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान याच विचाराचे. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने 'इस्की' या मानकात हा कळफलकही घेतला. लिपी बदलली तरी 'क'ची कळ तीच राहते, ही त्याची आणखी एक सोय.

मग इल्फर्डमधल्या मराठी घराचा प्रश्न सुटला का? पूर्णपणे नाही. इथल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाची बोटे इंग्रजी अक्षरांना सरावलेली, आणि वर्णमालेचा क्रम त्याच्या मनात पक्का नसतो. त्याला इंग्रजी स्पेलिंगमधून मराठी उमटवणे सोपे जाते. पण 'एम-ए-एल-ए' टाइप केले तर 'मला', 'माला' की 'मळा'? यंत्र अंदाज करते. निवड ज्याला फरक कळतो त्यालाच करता येते. आजीला तर टाइप करण्यापेक्षा फोनशी बोलणेच बरे वाटेल. गरज एकच, पण माणसे तीन आणि उत्तरेही तीन.

शिवाय देवनागरी म्हणजे फक्त हिंदी नव्हे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी यांच्याएवढे अंतर आहे. हिंदीला या अर्ध्या 'ऱ'ची गरज पडत नाही. आपले त्यावाचून अडते. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. वापरणाऱ्यांनी मागितल्याशिवाय अशा गोष्टी रचनाकारांना दिसत नाहीत.

सोय नसली की माणूस तक्रार करत नाही, तो लिहायचेच सोडतो. मुले आजीला रोमन लिपीत दोन शब्द पाठवतात, मग तेही इंग्रजीत, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून घरातल्या प्रत्येक फोनवर मराठी कळफलक, हिंदी नव्हे, निवडून ठेवावा. हिंदीच्या शब्दसूचना 'पाणी'चे 'पानी' करतात. आणि आपल्यापैकी जे स्वतः अशा प्रणाली बनवतात, त्यांनी चाचणीच्या वेळी शेजारी एखाद्या आजीला आणि एखाद्या नातवालाही बसवावे.