इन्शुलिनच्या तीन गाठी

भरपेट जेवण झाले की रक्तातली साखर चढू लागते आणि स्वादुपिंडातल्या बीटा पेशी कामाला लागतात. काम जोरात असताना एकेक बीटा पेशी मिनिटाला सुमारे दहा लाख रेणू तयार करते. हे इन्शुलिनचे कच्चे रूप, प्रोइन्शुलिन. त्या प्रत्येक रेणूत गंधकाचे अणू जोडून तीन गाठी बांधाव्या लागतात. म्हणजे एका पेशीत मिनिटाला तीस लाख गाठी. गाठ चुकीच्या जागी बसली की रेणू वाया गेला. आणि या गाठी बसतात त्या ऑक्सिडीकरणाने. जाहिराती वाचून वाचून ज्याला आपण शरीराचा शत्रू समजू लागलो आहोत, त्याच ऑक्सिडीकरणाने.

ऑक्सिडीकरण वाईट आणि अँटिऑक्सिडंट चांगले, इतकी सोपी वाटणी पेशीला मान्य नाही. तिला दोन्ही लागतात; मात्र वेगवेगळ्या कप्प्यांत आणि मोजूनमापून. हे माप चुकले की काय होते, हे समजून घ्यायला इन्शुलिनइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. रायबोसोममधून ती सरळ धाग्यासारखी बाहेर पडते, पण त्या अवस्थेत ती निरुपयोगी असते. ठरावीक घडी पडली तरच ती काम करते. वीस अमिनो आम्लांपैकी सिस्टीन या एकाच्या टोकाला गंधक आणि हायड्रोजन यांची जोडी असते. दोन सिस्टीन जवळ आले आणि त्यांचे हायड्रोजन, म्हणजे त्यांच्यासोबतचे इलेक्ट्रॉन, कोणी काढून घेतले की दोन्ही गंधक एकमेकांना थेट धरतात. हा डायसल्फाइड बंध. इलेक्ट्रॉन काढून घेणे हे ऑक्सिडीकरण, ते परत देऊन बंध सोडवणे हे क्षपण. या दोहोंच्या तोलाला रेडॉक्स समतोल म्हणतात.

पार्लरमध्ये सरळ केस कायमचे कुरळे करतात, तेव्हा हेच रसायनशास्त्र डोळ्यांसमोर घडत असते. केसातले केराटिन डायसल्फाइड बंधांनी भरलेले असते. आधी थायोग्लायकोलेटचे उग्र वासाचे द्रावण लावून ते बंध सोडवतात. केस रोलरवर गुंडाळलेले असतात. मग न्यूट्रलायझर लावतात. त्यात बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असते. बंध पुन्हा बसतात, पण आता रोलरच्या आकारात, आणि केस धुतले तरी वळण जात नाही. यात मेख अशी की न्यूट्रलायझर लावताना केस ज्या आकारात असतील तोच आकार पक्का होतो, मग तो बरा असो वा वाईट. पेशीपुढची अडचण नेमकी हीच आहे. घडी नीट पडण्याआधीच बंध बसले, तर चुकीची घडी पक्की होऊन बसते.

प्रोइन्शुलिनमध्ये सहा सिस्टीन असतात. सहांच्या तीन जोड्या पंधरा प्रकारे लावता येतात आणि त्यातला एकच प्रकार बरोबर असतो. तो पेशीला सापडतो कसा? या प्रश्नाच्या मुळाशी अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधले ख्रिश्चन अॅनफिन्सन गेले. त्यांनी रायबोन्यूक्लिएज हे 124 अमिनो आम्लांचे विकर घेतले. त्यात आठ सिस्टीन, म्हणजे जोड्या लावण्याचे 105 प्रकार. युरियाच्या तीव्र द्रावणात त्यांनी त्याची घडी उलगडली आणि मर्कॅप्टोइथेनॉल या क्षपणकाने चारही बंध सोडवले. मग दोन्ही रसायने काढून ते हवेवर ठेवले, तर विकर आपोआप पूर्ववत झाले. घडीची सारी माहिती साखळीच्या क्रमातच असते, हा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. त्यासाठी 1972 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

मला मात्र त्याच मालिकेतला दुसरा प्रयोग अधिक बोलका वाटतो. युरिया तसाच ठेवून त्यांनी बंध बसू दिले. बंध बसले, पण भलत्याच जोड्यांमध्ये, आणि विकराची क्रिया सुमारे एक टक्का उरली. मग युरिया काढून त्यांनी मर्कॅप्टोइथेनॉलचा अगदी किंचित अंश टाकला. काही तासांत चुकीचे बंध सुटत गेले, बरोबर बंध बसत गेले आणि विकर पुन्हा काम करू लागले. बंध बांधायला ऑक्सिडीकरण हवे, हे खरे. पण चुकलेला बंध सोडवायला थोडे क्षपणही हाताशी हवे. समतोल का लागतो, याचे उत्तर त्या एका परीक्षानळीत आहे.

परीक्षानळीतले ते तास पेशीला परवडणारे नसतात, तिला काम मिनिटांत उरकायचे असते. तिच्याकडे त्यासाठी खास विकर असणार, हे ओळखून अॅनफिन्सन यांच्या प्रयोगशाळेने 1963 मध्ये ते शोधूनही काढले. त्याच सुमारास हंगेरीतल्या संशोधकांनाही ते स्वतंत्रपणे सापडले. आज त्याला प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज म्हणतात. ते बंध बांधते आणि चुकलेला बंध सोडवून जागेवरही आणते.

हे काम चालते आंतर्द्रव्यजालिकेत. शाळेच्या पुस्तकातल्या पेशीच्या आकृतीत केंद्रकाभोवती पापुद्र्यांसारखी दिसते ती ही जालिका. पेशीबाहेर जाणारी बहुतेक प्रथिने, म्हणजे इन्शुलिन, प्रतिपिंडे, पचनाची विकरे, आधी तिच्या आत शिरतात आणि तिथे त्यांची घडी पडते. जालिकेच्या आतले रसायन बाहेरच्या पेशीद्रव्यापेक्षा वेगळे असते. 1992 मध्ये हार्वे लोडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुटाथायोन या छोट्या रेणूच्या दोन रूपांचे प्रमाण मोजले. पेशीद्रव्यात इलेक्ट्रॉन देऊ शकणारे क्षपित रूप ऑक्सिडीकृत रूपाच्या 30 ते 100 पट होते. जालिकेकडच्या मार्गात तेच प्रमाण एकास एक ते तीनास एक इतके खाली आलेले होते. एकाच पेशीत, एका पातळ पटलाच्या अलीकडे आणि पलीकडे, इतकी तफावत. पेशीद्रव्यात डायसल्फाइड बंध सहसा टिकत नाहीत. जालिकेत ते बसतात आणि चुकले तर सुटूही शकतात.

इन्शुलिन बनवणाऱ्या कारखान्यांनाही ही तफावत विसरून चालत नाही. ई. कोलाय या जिवाणूला आंतर्द्रव्यजालिका नसते. त्याच्या पेशीद्रव्यात तयार झालेल्या इन्शुलिनच्या साखळ्यांचे गोळे होतात. ते बाहेर काढून, विरघळवून, बंध पुन्हा नीट बसवावे लागतात. यीस्टला जालिका असते, त्यामुळे ते बंध बसवूनच रेणू बाहेर सोडते. औरंगाबादमधून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरमधून, वोखार्ट कंपनीने 2003 मध्ये बाजारात आणलेले मानवी इन्शुलिन हॅन्सेन्युला जातीच्या यीस्टपासूनच बनवलेले होते.

आता प्रश्न उरतो तो काढून घेतलेल्या इलेक्ट्रॉनांचा. ते जातात कुठे? 1998 मध्ये दोन अमेरिकी प्रयोगशाळांना यीस्टमध्ये इरो-वन हे विकर सापडले. बंध बांधताना आयसोमरेजकडे आलेले इलेक्ट्रॉन इरो-वन उचलते आणि थेट ऑक्सिजनला देते. त्यातून तयार होते हायड्रोजन पेरॉक्साइड, एका बंधामागे एक रेणू. पार्लरमधल्या न्यूट्रलायझरमध्ये असते तेच. पेरॉक्सिरेडॉक्सिन-4 हे विकर त्यातले बरेचसे पेरॉक्साइड वापरून आणखी बंध बांधते आणि त्यातून पाणी उरते. निसर्गाची ही काटकसर मला फार आवडते. पण उत्पादन अफाट वाढले तर पेरॉक्साइडही वाढते, आणि बीटा पेशीची बाजू इथे लंगडी आहे. उंदरांवरच्या अभ्यासात दिसले आहे की पेरॉक्साइड नष्ट करणारी कॅटालेजसारखी विकरे यकृताच्या तुलनेत बीटा पेशींत फारच कमी असतात.

तोल दोन्ही बाजूंनी बिघडू शकतो. बंध बसेनासे झाले की अर्धवट घडीची प्रथिने साचतात. प्रयोगशाळेत जिवंत पेशींवर डीटीटी हे क्षपणक टाकले की हेच होते; ते धुऊन काढले की अडलेली प्रथिने पुन्हा घडी घेऊ लागतात. उलट ऑक्सिडीकरण फार झाले तर चुकीचे बंध पक्के होतात आणि सुटत नाहीत. कसेही झाले तरी जालिकेत निकामी प्रथिनांचा ढीग साचतो. याला जालिकेवरचा ताण म्हणतात.

ताण आल्याचे पेशीला कळते, आणि ते कसे हे उलगडण्याचे मोठे श्रेय काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांचे. 1993 मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे यीस्टमध्ये आयआरई-वन हे संवेदक प्रथिन ओळखले. 2014 चा लास्कर पुरस्कार दोघांना मिळाला तो याच कामासाठी. आपल्या पेशींत असे तीन संवेदक आहेत. आयआरई-वन आणि एटीएफ-सिक्स घडी घालणाऱ्या मदतनीस प्रथिनांचे उत्पादन वाढवतात. पर्क हा तिसरा. तो नव्या प्रथिनांची निर्मितीच काही काळ मंद करतो, म्हणजे आधीचा ढीग उपसायला सवड मिळते.

ताण ओसरला तर ठीक. दीर्घकाळ टिकला तर पर्कच्याच मार्गाने चॉप नावाचे प्रथिन वाढते. ते थांबलेली निर्मिती पुन्हा सुरू करवते आणि त्याच वेळी इरो-वनचे प्रमाणही वाढवते. आधीच अडलेल्या जालिकेत आणखी प्रथिने आणि आणखी पेरॉक्साइड! शेवटी पेशी मरते. बाकीच्या शरीरासाठी बिघडलेली पेशी काढून टाकणे कदाचित शहाणपणाचे असेल, पण बीटा पेशींचा साठा मुळात मर्यादित, आणि गेलेल्या पेशींची भरपाई प्रौढपणी फार थोडी होते.

जपानमध्ये सापडलेल्या अकिता उंदरात हा सगळा प्रवास एका अक्षराच्या चुकीतून दिसतो. त्याच्या इन्शुलिनच्या एका जनुकात बदल झाल्याने 96 व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसिन येते. तीन गाठींपैकी एक, इन्शुलिनच्या दोन साखळ्यांना जोडणारी गाठ, बसूच शकत नाही. उंदीर लठ्ठ नसतो, इन्शुलिनची इतर जनुके शाबूत असतात, तरीही काही आठवड्यांत त्याला मधुमेह होतो. कारण बिघडलेले प्रोइन्शुलिन जालिका अडवते आणि चांगल्या रेणूंचीही वाट रोखते. अशा उंदरांत चॉपचे जनुक काढून टाकले तर मधुमेह उशिरा होतो, हे 2002 मध्ये दाखवण्यात आले. अगदी हाच बदल पुढे माणसाच्या तान्ह्या बाळांतही सापडला. पर्क संवेदकच नसलेली बाळे असतात; त्यांना वॉलकॉट-रॅलिसन विकार होतो आणि पहिल्या काही महिन्यांतच मधुमेह दिसतो. ब्रेक नसलेल्या जालिकेची ही अवस्था आहे.

नेहमीच्या टाइप 2 मधुमेहाचे कारण इतके एकेरी नाही. तिथे वजन, यकृत, स्नायू, अनुवंश सगळेच आहे. पण शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की बीटा पेशींवरची मागणी वर्षानुवर्षे चढी राहते, आणि त्यांच्या थकण्यामागे जालिकेवरचा ताण हे एक कारण मानले जाते.

मग अँटिऑक्सिडंटची गोळी घ्यावी का? या प्रश्नाला घाईने हो म्हणणारे लोक फार आहेत, म्हणून मी इथे थोडा थांबतो. उंदरांत रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर आठ या प्रथिनाची घडी बिघडते तेव्हा अँटिऑक्सिडंट दिल्याने ताण कमी झाला आणि प्रथिन अधिक प्रमाणात बाहेर पडले, असे 2008 मध्ये दिसले. आशा वाटावी असाच तो निष्कर्ष आहे. पण माणसांवरचे अनुभव वेगळे आहेत. जर्मनीत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. ज्यांनी सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेतल्या, त्यांना इन्शुलिनच्या बाबतीत व्यायामाचा फायदाच मिळाला नाही. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला. तो निकाल 1994 चा. गोळी पोटात गेल्यावर ती जालिकेत जाते की पेशीद्रव्यात, हे आपल्या हातात नसते. फळे-भाज्या खाव्यात यात शंकाच नाही. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रा विकत घेऊन गिळण्याला आजच्या पुराव्याचा आधार नाही.

एका बाबतीत मात्र हे ज्ञान आजच उपयोगी पडते. बाळाला सहा महिन्यांच्या आत मधुमेह झाला, तर तो बहुधा एखाद्या एकाच जनुकातल्या बदलामुळे असतो आणि जनुकीय चाचणीने तो ओळखता येतो. बदल इन्शुलिनच्या जनुकात असेल तर इन्शुलिनच द्यावे लागते. पण तो पोटॅशियमच्या मार्गिकेच्या जनुकात असेल, तर अशा बऱ्याच बाळांचे इन्शुलिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून सल्फोनिलयुरियाच्या गोळ्यांवर भागते. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये या आजाराच्या जनुकीय चाचण्यांचे काम चालते. तुमच्या घरात किंवा ओळखीत असे बाळ असेल, तर इन्शुलिन स्वतःहून बंद करू नका. बालरोगतज्ज्ञांना या चाचणीबद्दल मात्र जरूर विचारा.